वरच्या फळीवरचे उंदीर

१

उमरग्याच्या फार्मसी कॉलेजात आठ उंदरांची हृदयं उलटी निघाली आणि ती सुलटी करायला मला बोलावणं आलं.

मी डॉक्टर गौरीशंकर बिराजदार. माणसांचा नव्हे, जनावरांचा. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत म्हशींच्या मागं धावलो, आता निवृत्त आहे. उंदरांवर प्रयोग करायचे तर कॉलेजला देखरेखीसाठी एक समिती लागते आणि तिच्यात बाहेरचा एक माणूस लागतो. तो मी. किती जीव घेणार, कशासाठी घेणार, थोडक्यात भागणार नाही का, असं विचारायचं आणि मग सही करायची, हे माझं काम. कॉलेजात माझा मान मोठा. पंधरा ऑगस्टचा झेंडा, खंडेनवमीची यंत्रपूजा, गॅदरिंगची बक्षिसं, कुठंही पहिला हात माझाच. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. या गोष्टीत माझी अब्रू जाते, आणि जायची तर आधी ती किती होती तेही वाचणाऱ्याला कळायला हवं.

दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. प्राचार्य हणमंतप्पांनी मला प्रयोगशाळेत नेलं. टेबलावर काचेच्या बशा मांडलेल्या आणि प्रत्येक बशीत उंदराच्या हृदयाच्या नखाएवढ्या चकत्या. त्या एका द्रावणात बुडवल्या की जिवंत भाग लाल होतो आणि मेलेला पांढराफटक राहतो.

"हा आमच्या संशोधन करणाऱ्या शुभांगीचा प्रयोग," हणमंतप्पा म्हणाले. "अर्जुनाच्या सालीचा अर्क. आधी तिनं तो काचेच्या बाटलीत वाढवलेल्या हृदयाच्या पेशींवर वापरून पाहिला. विषारी द्रव्य घातलं की साध्या पेशी मरायच्या आणि अर्क दिलेल्या जगायच्या. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. मग उंदीर घेतले. एकवीस दिवस अर्क पाजला आणि शेवटचे दोन दिवस हृदयाला इजा करणारं इंजेक्शन दिलं. बारा पिंजरे, प्रत्येकात दोन उंदीर. एकाला अर्क, दुसऱ्याला नुसतं पाणी."

"मग बिघडलं कुठं?"

"आठ पिंजऱ्यांत पेशी बोलल्या तेच उंदीर बोलले. अर्कवाल्याचं हृदय लाल, पाणीवाल्याचं पांढरं. चार पिंजऱ्यांत बरोबर उलटं. पाणीवाला ठणठणीत आणि अर्कवाल्याचं अर्धं हृदय मेलेलं. कुणीतरी अदलाबदल केली आहे, डॉक्टर. महिन्याभरात बाहेरची माणसं तपासणीला येणार. त्याआधी मला नाव पाहिजे."

आम्ही उंदीरघराकडं निघालो. दारावर पाटी आहे, हात धुऊन आत या. दारात खाजाभाई उभा होता. अकरा वर्षं तो तिथं हंगामी कामावर आहे. उंदरांचं दाणापाणी, साफसफाई, खुणा करणं, सगळं त्याच्याकडं. त्यानं हणमंतप्पांना अदबीनं अडवलं, "सर, हात." मागून आलेल्या शुभांगीच्या मार्गदर्शकांना, बसवेश सरांनाही अडवलं. मला काही म्हणाला नाही. उलट माझ्यासाठी पडदा बाजूला धरला. मला ते बरं वाटलं.

आत लोखंडी मांडणी होती. तीन फळ्या, प्रत्येक फळीवर चार पिंजरे, आता रिकामे. मी उलट निघालेल्या पिंजऱ्यांचे नंबर विचारले. शाळेतल्या पोरांसारखे ते ओळीनं आले, एक, दोन, तीन, चार. चारही सगळ्यात वरच्या फळीवरचे होते.

२

वरच्या फळीवर उजेड जास्त असतो, उकाडाही जास्त असतो. माझ्या मनात आधी तेच आलं. पण उकाड्यानं दोन्ही उंदीर बिघडले असते. एका पिंजऱ्यातल्या दोघांनी एकमेकांची हृदयं घ्यावीत असं काही उकाड्यानं होत नाही.

शुभांगी माकणी गावची. घरात शिकलेली पहिलीच. तीन वर्षं या एका प्रयोगावर तिनं काढली होती. माझ्यासमोर बसली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, पण उत्तरं नीट देत होती.

"पांढरे उंदीर सगळे सारखेच दिसतात, सर. म्हणून ज्याला अर्क द्यायचा त्याच्या डोक्यावर पिवळी खूण असते. पिक्रिक ॲसिडच्या रंगाची. दुसरा कोराच. रोज सकाळी मी पिवळ्या डोक्याच्याला नळीनं अर्क पाजायची आणि कोऱ्याला पाणी."

"खूण टिकते किती?"

"फिकट होत जाते. दर आठवड्याला परत रंग द्यावा लागतो. ते खाजाभाई करतात."

"एखादा दिवस तू नव्हतीस असं झालं?"

"दसऱ्याला माकणीला गेले होते, तीन दिवस. तेवढं बसवेश सरांनी सांभाळलं. आल्यावर खुणा अगदी ठळक होत्या." ती थांबली. "सर, लोक म्हणतात मीच आकडे फिरवले आणि नीट फिरवता आले नाहीत. आकडे फिरवायचे असते तर बाराही पिंजरे सुलटे केले असते की."

हे मला पटलं. चोर स्वतःच्याच घरात चोरी करून वर पाटी लावत नाही.

मी तिची फाईल मागून घेतली. प्रत्येक पिंजऱ्याच्या पुढं एक कार्ड खोचलेलं असतं, नंबर, वजन, तारीख. प्रयोग संपल्यावर बारा कार्डं फाईलला लावून ठेवलेली. मी ती एकेक करून उजेडात धरली. पाच ते बारा स्वच्छ होती. एक ते चार या कार्डांच्या कोपऱ्यावर, जिथं पिंजरा ओढताना अंगठा टेकतो तिथं, एकेक पिवळा डाग होता.

३

पिवळा रंग कुलपात असतो आणि त्या कपाटाची किल्ली खाजाभाईच्या जुडग्यात असते. माझ्या डोक्यात चित्र तयार व्हायला लागलं होतं. कुणीतरी घाईघाईनं रंगाच्या हातानं वरच्या चार पिंजऱ्यांतल्या खुणा बदलल्या होत्या.

बसवेश सर तिशीतले, नुकतेच लागलेले, बोलताना पेनाचं टोपण काढघाल करणारे. आधीचे मार्गदर्शक गेल्यावर शुभांगी त्यांच्याकडं आली होती.

"दसऱ्याचे तीन दिवस डोस तुम्ही दिलात?"

"हो सर. खुणा बघून."

"आणि रंग?"

टोपण दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. "रंगाचं काम खाजाभाईकडंच असतं, सर. पहिल्यापासून."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. नीट वाचलं असतं तर लक्षात आलं असतं की मी विचारलं एक होतं आणि मिळालं दुसरंच.

मग खाजाभाई. खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला. माझा उजवा गुडघा साफ गेलेला आहे, एका जाफराबादी म्हशीची कृपा. खाली वाकणं, उकिडवं बसणं मला जमत नाही. हे त्याला माहीत होतं, म्हणून खालच्या फळीवरचा पिंजरा कसा बसतो ते दाखवायला त्यानं स्वतः तो उचलून माझ्या छातीशी आणून धरला. त्याही वेळी तो माझीच सोय बघत होता.

"खाजाभाई, उंदरांची अदलाबदल झाली आहे. तुझ्या हाताखाली."

"साहेब, अकरा सालात एक उंदीर इकडचा तिकडं न्हाय झाला माझ्याकडनं."

"जुलैमध्ये तुझी कायम करायची फाईल परत आली. राग आला असेल."

"आला की. राग आला म्हणून मुक्या जिवाशी कोन खेळतंय? त्येंच्या हातात काय हाय?"

"दसऱ्याच्या सुमाराला तुला इथं काही वेगळं दिसलं?"

तोवर तो माझ्याकडं बघून बोलत होता. हा प्रश्न आला आणि त्याची नजर खाली गेली.

"न्हाय साहेब."

"नीट आठवून सांग."

"त्या दिसाचं मला इचारू नका, साहेब. म्या काय केलं न्हाय. पर त्या दिसाचं इचारू नका."

जनावर कुठं दुखतं ते बोलत नाही, हात लावला की अंग चोरतं. चौतीस वर्षं मी असाच आजार ओळखत आलो. दसऱ्याला हात लावला आणि या माणसानं अंग चोरलं. मला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटली नाही. संध्याकाळी मी हणमंतप्पांना फोन करून सांगितलं की नाव सापडलं.

४

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. मी उभं राहून, छान मुद्देसूद बोललो. खुणा बदलल्याशिवाय हृदयं उलटणार नाहीत. रंगाची किल्ली एकाकडं. कार्डांवर रंगाचे डाग. मनात राग असायला कारण आहे. आणि दसऱ्याबद्दल तो तोंड उघडत नाही. लोक माना डोलवत होते आणि खरं सांगतो, मला मजा येत होती. निवृत्त माणसाचं बोलणं इतकं मन लावून कोण ऐकतं?

खाजाभाईला आत बोलावलं. हणमंतप्पांनी विचारलं, काही म्हणायचं आहे का. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, गयावया करणार. पण त्यानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, टेबलावर आवाज न करता ठेवला आणि म्हणाला, "पान्याच्या बाटल्या आज बदलायच्या हायत. पल्याडच्या खोलीतल्या उंदरांच्या. इसरू नका." आणि निघून गेला.

शुभांगी माझ्यामागं जिन्यापर्यंत आली. "सर, खाजाभाई असं करणार नाहीत. उंदीर मारायच्या दिवशी ते जेवत नाहीत." मी तिला म्हणालो, पोरी, भावनेनं तपास होत नसतो.

तीन दिवस मी गावातून ताठ मानेनं हिंडलो. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात दगडावर आमच्या महादेवी कपडे धूत होत्या आणि माझ्या नावानं बोलत होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यामुळं मी ते ऐकत नव्हतो.

"अवो, तुमच्याशीच बोलायलेय म्या. ह्या पांढऱ्या शर्टाची बाही बगा. तीनदा धुतली. साबण लावला की डाग लाल व्हतोय, वाळला की पुन्ना पिवळा. कुठं घातला व्हता हा?"

"काय माहीत. कसला डाग आहे?"

"हळद हाय की, दुसरं काय असणार. हळदीला साबण लागला की लालच व्हती. जनावराचं डॉक्टर झाला, एवढं ठावं न्हाय?"

मी बाही बघायला गेलो. साबणाच्या फेसात डाग लालभडक झाला होता. त्या क्षणी मला कार्डांच्या कोपऱ्यावरचे डाग आठवले, आणि मी महादेवींच्या हातातली साबणाची वडी मागून घेतली.

५

कॉलेजात शुभांगीला म्हणालो, तुझ्या त्या पिवळ्या रंगाचा एक थेंब कागदावर टाक. तिनं टाकला. मी कपड्याच्या साबणाचं पाणी करून आणलं होतं. थेंबावर सोडलं. पिवळा पिवळाच राहिला. मग एक नंबरचं कार्ड काढलं आणि कोपऱ्यावर तेच पाणी लावलं. डाग लाल झाला. दोन, तीन, चार, सगळे लाल.

"हा रंग नाही," शुभांगी म्हणाली.

"नाही. हळद आहे."

"उंदीरघरात हळद कुठून येणार, सर?"

उत्तर येत होतं आणि मी ते दाराबाहेर थोपवून धरलं होतं. शुभांगीनंच मोबाईल काढला. कॉलेजच्या ग्रुपवर खंडेनवमीचे फोटो होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची यंत्रपूजा. सुतार पटाशीची करतो, ट्रकवाला ट्रकची करतो, तशी कॉलेजात यंत्रांची. तराजूला हळदकुंकू, पेशी वाढवायच्या कपाटाच्या दाराला हळदकुंकू, सूक्ष्मदर्शकाला फूल. आणि सतरावा फोटो.

त्यात मी होतो. पांढरा शर्ट, डाव्या हातात पूजेचं ताट, वरच्या फळीवरचा पिंजरा ओढलेला, जाळी उघडलेली, आणि उजव्या हाताचं बोट एका पांढऱ्या उंदराच्या डोक्यावर. माझे दात दिसत होते. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, मूषकराजांना मान.

सगळं आठवलं. पिंजऱ्यात एकाच्या डोक्यावर पिवळं होतं, दुसऱ्याच्या नव्हतं. मी हसून म्हणालो होतो, ह्या बिचाऱ्याला कुणी लावलंच नाही की. आणि कोऱ्या उंदराला हळद लावली. असे चार. मग माझा गुडघा दुखला. मधल्या फळीला वाकावं लागलं असतं, म्हणून मी ताट खाली ठेवलं आणि पेढा खाल्ला. म्हणून वरची फळी. म्हणून फक्त वरची.

फोटोच्या कडेला, दाराबाहेर, खाजाभाई अर्धा दिसत होता. हातात आमच्यासाठी काढलेले स्वच्छ गाऊन होते. आमच्यापैकी एकानंही ते घातले नव्हते. आत ये असंही त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

बसवेश सरांना बोलावलं. फोटो दाखवला आणि विचारलं, दसऱ्याला रंग कुणी दिला. रजेची वही माझ्या पुढ्यात उघडी होती. दसऱ्याच्या सकाळी दाणापाणी करून खाजाभाई मुरुमला गेला होता, आठ दिवसांच्या रजेवर. मुलगी मिनाज बाळंत होणार होती. ही वही मी आधी बघायला हवी होती. बघितली नाही, कारण उत्तर हातात आल्यावर कोण वही बघतो?

बसवेश सरांनी टोपण खिशात ठेवलं. "मी दिला, सर. आठवडा भरत होता. दुसरी किल्ली माझ्याकडं असते. वरच्या पिंजऱ्यांत दोघांच्याही डोक्यावर पिवळं दिसत होतं, एकाचं फिकट, एकाचं ठळक. दोघं अंगाला अंग लावून झोपतात. मला वाटलं, फिकट ते शेजाऱ्याचं घासून लागलंय. मग ठळकावरच रंग दिला. फिकट होतं ते दोन दिवसांत गेलं."

"फिकट ती खरी खूण होती. ठळक ती माझी हळद."

"मला तेव्हा नव्हतं कळलं, सर. हृदयं उलटी निघाल्यावर शंका आली. पण नोकरीला सहाच महिने झालेत. घाबरलो."

पहिले सात दिवस खऱ्या उंदरांना अर्क मिळाला आणि पुढचे चौदा दिवस त्यांच्या शेजाऱ्यांना. हृदयं उलटी नव्हती. उंदीर खरंच बोलत होते, आणि पेशींचंही खरं होतं. खोटं फक्त मी बोललो होतो, तेही उभं राहून, मुद्देसूद.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. खाजाभाई दसऱ्याच्या सकाळी सहाला आत गेला होता. हळद त्यानं पाहिली असणार. मग त्यानं ती पुसली का नाही, आणि माझ्यासमोर गप्प का राहिला?

६

हायवेच्या कडेला, ट्रक थांबतात तिथं, खाजाभाई एका टायरवाल्याकडं कामाला लागला होता. मला पाहून त्यानं हात पुसले आणि एक खुर्ची शोधून आणली. मी बसलो नाही.

"खाजाभाई, हळद मी लावली होती."

त्यानं खुर्चीवरची धूळ फडक्यानं झटकली.

"तुला माहीत होतं."

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

हैद्राबादकडं जाणारा एक ट्रक गेला, धूळ बसली.

"दसऱ्याला सकाळी आत गेलो, तवाच दिसलं. म्या रुमाल भिजवला, साहेब. हात पन घातला पिंजऱ्यात. मग मनात आलं, ही पूजेची हळद हाय. खाजानं पुसली म्हणून कुणी उठवलं तर? अलीकडं कशाचं काय व्हतं, तुमाला ठावं हाय. घरात बायको फरिदाबी एकली, तिकडं पोरगी अडलेली. हात वापस घेतला. वाटलं, उंदीर चाटून पुसून घेतेल आपोआप. माझी गलती तेवढी हाय. शुभांगीताईला सांगाया पायजे व्हतं."

"ते झालं. पण मी चौकशीला बसलो तेव्हा? तेव्हा तर तुझी रोजी जात होती."

"तवा कसं सांगू?" त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "इचारनारे तुमीच. तुमच्या म्होरं, तुमचंच नाव? आन सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं का, साहेब?"

मी हो म्हणणार होतो. पण ते खरं नव्हतं. मी म्हणालो असतो, पूजेवर बालंट घेतो. बैठकीत हा सहावा मुद्दा म्हणून सांगितला असता, आणि लोकांनी माना डोलवल्या असत्या. मला त्या रस्त्याच्या कडेला इतकी लाज वाटली की त्याच्यासमोर हात जोडायचेही सुचले नाहीत. जोडले तेव्हा त्यानं ते घाईनं खाली केले आणि इकडं तिकडं पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. त्याही वेळी तो माझीच अब्रू सांभाळत होता.

७

हणमंतप्पांनी माझा अहवाल दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं.

"डॉक्टर, एवढं कशाला? रंग खराब निघाला असं लिहू. खाजाभाईला परत घेऊ. कुणाचंच नाव नको."

"त्याचं नाव घेताना आपण असं म्हणालो नव्हतो."

"तुमची आयुष्याची इज्जत आहे इथं."

"ती त्याच्या जुडग्याबरोबर टेबलावर राहिली, सर. परत घ्यायची तर तिथूनच घ्यावी लागेल."

बैठक त्याच खोलीत झाली, तीच माणसं. मी उभा राहिलो. या वेळी मुद्दे मागंपुढं झाले. सतरावा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. माझे दात आता हातभर दिसत होते. कार्डावर साबणाचं पाणी लावून दाखवलं. खंडेनवमीला हात न धुता, गाऊन न घालता मी आत गेलो, ज्या जिवांची राखण करायची त्यांच्यावरच फोटोसाठी बोट ठेवलं, आणि आळ त्या घरातल्या एकमेव काळजी घेणाऱ्या माणसावर घातला, हे मोठ्यानं वाचलं. या वेळी माना डोलल्या नाहीत. लोक टेबलाकडं बघत होते. बसवेश सरांनी उठून आपलं सांगितलं. मला त्यांचं तेवढंच कौतुक वाटलं.

मी समितीचा राजीनामाही लिहून नेला होता. शुभांगीनं तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"सर, आधी ही सही करा, मग जा." तिनं पुढं दुसरा कागद केला. चार पिंजरे पुन्हा करायचे होते. आठ उंदीर जास्तीचे. 'कारण' या रकान्यात तिनं काही लिहिलं नव्हतं, जागा मोकळी सोडली होती. किती जीव घेणार, कशासाठी घेणार, हे विचारणं माझं काम होतं. त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर इतकं वाईट आलं की दवाखान्यातल्या चिठ्ठ्याही त्यापेक्षा बऱ्या असतील.

आठ दिवसांनी नवे उंदीर आले. समितीच्या माणसानं ते डोळ्यांनी बघून घ्यावे लागतात, आणि राजीनामा मंजूर व्हायचा होता, म्हणून मलाच जावं लागलं. उंदीरघराच्या दारात खाजाभाई उभा होता. कमरेला जुडगा. कायम करायची त्याची फाईल पुन्हा वर गेली आहे असं कुणीतरी म्हणालं होतं.

सवयीनं मी पडद्याकडं वळलो. तो बाजूला झाला नाही. पडदाही धरला नाही. त्याला ते जड जात होतं, दिसत होतं. दोनदा त्यानं घसा साफ केला.

"साहेब," तो म्हणाला, "हात धुऊन या."

मी नळाशी गेलो आणि हात धुतले. तो बघत होता, म्हणून परत एकदा धुतले.